पोटखराब्याचा हिशेब

सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ असा शेरा पडला की त्या जमिनीचा वाली संपतो. आपल्याकडे गायरानाचे आणि नाल्याकाठच्या पडीकाचे जे होते, तेच समुद्रकाठी खाडीच्या चिखलाचे झाले. तिवरांचे जंगल म्हणजे डासांचे माहेर, भराव टाका आणि जमीन कामाला लावा, असे शहाणी माणसे सांगत आली. कापूस-ज्वारीवाल्याने या चिखलाची उठाठेव कशाला करावी, असे बैठकीत कोणी तरी विचारणारच. म्हणून हा हिशेब.

सुरुवात नागपुरातूनच करू. १९९० नंतर आंध्र आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर निर्यातीच्या कोळंबीसाठी तळी खोदली गेली. डॉलर मिळाले हे खरे. पण खारे पाणी शेजारच्या भातखाचरात आणि पिण्याच्या विहिरीत झिरपले, तळ्यातली घाण खाडीत गेली. सर्वोदयी नेते एस. जगन्नाथन यांनी हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेले. न्यायालयाने नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेला पाहणी करायला लावली. नीरीने जमा आणि खर्च दोन्ही मांडले, तेव्हा दोन्ही राज्यांत नुकसान मिळकतीपेक्षा मोठे निघाले. ११ डिसेंबर १९९६ रोजी न्यायालयाने किनाऱ्याच्या नियंत्रित पट्ट्यातली अशी तळी मोडण्याचा आदेश दिला. (२००५ साली संसदेने कायदा करून त्यांना परवान्याची वाट काढून दिली, ती गोष्ट वेगळी.) मिळकत तळेवाल्याच्या खात्यात जमा झाली आणि खर्च शेजाऱ्याच्या नावे पडला. घरच्या माणसांची मजुरी न धरता काढलेला कापसाचा उत्पादनखर्च जितका खरा, तितकाच हा नफा खरा!

२९ ऑक्टोबर १९९९ च्या महावादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसे गेली. भितरकनिकाच्या जंगलाजवळच्या तीन गावांचा नंतर अभ्यास झाला. तिवरांच्या आडोशाला असलेल्या गावात घरटी सरासरी ३३ डॉलरचे नुकसान झाले. ना जंगल ना बांध, अशा गावात ४४. आणि बांध असलेल्या, पण जंगल नसलेल्या गावात १५३! बांध फुटून खारे पाणी आत आले आणि मग त्याच बांधाने ते अडवून धरले. केंद्रापाडा जिल्ह्यातल्या ४०९ गावांच्या दुसऱ्या पाहणीत असे दिसले की उरलेसुरले जंगल नसते तर गावागणिक सरासरी पावणेदोन माणसे आणखी दगावली असती. वेळेवर मिळालेल्या इशाऱ्याने याहून जास्त जीव वाचले, असेही तीच पाहणी सांगते. तेव्हा झाडे म्हणजे सगळ्यावरचा उतारा, असे कोणी समजू नये. तिथले जंगल बरेचसे भातशेतीसाठी तुटले होते, हेही झाकण्याचे कारण नाही. भाताचे पोते मोजता येते. न आलेले पाणी कोण मोजणार?

तुटलेले परत आणायचे कसे? मंत्र्यांच्या हस्ते रोप लावून फोटो काढल्याने ते येत नाही. तमिळनाडूत पिचावरमला सलग तोडीनंतर जमीन दबून खोलगट झाली. भरतीचे पाणी तिथे साचायचे, उन्हाने आटायचे, आणि क्षार इतके वाढले की रोप तग धरेना. चोपण जमीन ज्याने कसली आहे, त्याला हे समजावून सांगायला नको. १९९० च्या दशकात स्वामिनाथन फाउंडेशनने गावकऱ्यांना बरोबर घेऊन तिथे चर खणले : एक मुख्य कालवा आणि माशाच्या काट्यासारख्या त्याला फुटणाऱ्या बारीक चऱ्या. भरती-ओहोटीचे पाणी खेळू लागले, खार धुऊन निघाला, आणि मग लावलेली रोपे जगली.

या बैठकीत गायरान आणि पडीक जमिनींचा विषय चर्चेला येणार आहे. प्रत्येक गावाने येताना वहीत मांडून आणावे : त्या जमिनीवर किती जनावरे चरतात, किती घरांचे सरपण तिथून येते, पावसाचे पाणी तिथे मुरल्याने खालच्या कोणत्या विहिरींना उन्हाळ्यात पाणी टिकते. शेणाचा भावही धरावा. तो नेहमी सुटतो.