जर-तर मुलांना येतंच, अडतं ते आपल्या शिकवण्यात



मागच्या वर्षी सातवीच्या वर्गात मी फळ्यावर अर्धं वाक्य लिहिलं, 'इफ आय हॅड विंग्ज...' आणि म्हणालो, पूर्ण करा. बहुतेक वह्यांत एकच उत्तर आलं, 'आय वुड फ्लाय.' एका मुलानं मात्र माझं वाक्य सोडून स्वतःचं लिहिलं होतं : 'इफ माय फादर विल नॉट गो तोडणी, आय विल स्टे इन स्कूल.' मी दोन्ही 'विल'भोवती लाल गोल केले, 'तोडणी'खाली रेघ मारली आणि वही परत दिली. दिवाळीनंतर तो मुलगा आईवडिलांसोबत ऊसतोडीला गेला. तेव्हा कुठं मला कळलं, की पूर्ण वर्गात खरं जर-तर वाक्य त्या एकट्यानंच लिहिलं होतं. आणि मी त्यात फक्त चुका पाहिल्या.

त्याला काय येत नव्हतं? कल्पना येत होती, अर्थ पक्का होता. मराठीत आपण यालाच संकेतार्थ म्हणतो. आपल्या नांदेड-लातूरकडच्या पोराला हे कुणी शिकवावं लागत नाही. 'पाऊस वेळेवर पडला असता तर सोयाबीन हाती लागलं असतं' हे ते घरात रोज ऐकतं. शाळेतही 'सूर्य उगवला नाही तर', 'परीक्षा नसत्या तर' असे कल्पनाप्रधान निबंध मुलं हौसेनं लिहितात. मग इंग्रजीच्या तासाला तीच मुलं गप्प का बसतात?

माझं मत असं, की आपण फर्स्ट, सेकंड, थर्ड अशी नावं आणि सूत्रं आधी पाठ करून घेतो आणि मुलाची मराठी वर्गाबाहेर ठेवतो. खरं तर मुलं चुकतात ती मराठीच्या वाटेनंच. त्या वाटा आपण ओळखल्या तर निम्मं काम होतं. मला तीन दिसल्या.

पहिली : आपण म्हणतो, 'पाऊस आला तर सुट्टी मिळेल.' पाऊस अजून यायचाय, पण रूप भूतकाळाचं, 'आला'. म्हणून मुलं लिहितात, 'इफ इट रेन्ड, वुई विल गेट अ हॉलिडे.' इंग्रजीत इथं साधा वर्तमानकाळ लागतो, 'इफ इट रेन्स'.

दुसरी : मराठीत 'असतं' दोन्हीकडे येतं. 'पैसे असते तर सायकल घेतली असती.' म्हणून मुलं 'वुड' दोन्हीकडे लावतात. मी सांगतो, 'वुड' राहतो 'तर'च्या घरात, 'जर'च्या घरात त्याला पाठवायचं नाही.

तिसरी सगळ्यात अवघड. 'पैसे असते तर सायकल घेतली असती' हे आजचं आहे की मागच्या वर्षीचं? मराठीत एकच वाक्य दोन्हीला चालतं. इंग्रजीला मात्र ठरवावं लागतं. आजचं असेल तर 'इफ आय हॅड मनी, आय वुड बाय अ सायकल'. गेलेलं असेल तर 'इफ आय हॅड हॅड मनी, आय वुड हॅव बॉट अ सायकल'.

इथं मुलं विचारतात, 'सर, गोष्ट आजची आहे तर हॅड कशाला?' तेव्हा 'पाऊस आला तर'ची आठवण करून द्या. तिथं 'आला' हे रूप मागचं, अर्थ पुढचा. तसंच 'हॅड'. रूप मागचं असलं तरी अर्थ एवढाच, की आत्ता माझ्याकडे पैसे नाहीत. मुलांना हे लगेच पटतं.

म्हणून आता मी दोनच प्रश्न विचारतो. हे घडू शकतं का? घडू शकत नसेल, तर गोष्ट आजची की होऊन गेलेली? आधी मराठीत उत्तर, मग तोंडी इंग्रजी, लिहिणं शेवटी.

उदाहरणं जवळचीच घ्यावीत. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीत दहा वाघिणी होत्या आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी. आपल्या मुलांनी हे घरी ऐकलेलं असतं. त्यावर तिन्ही वाक्यं होतात. 'इफ इट रेन्स वेल, द डॅम विल फिल.' 'इफ वुई हॅड मोअर वॉटर, वुई वुड ग्रो मोअर ट्रीज.' 'इफ द ट्रेन हॅड नॉट कम, पीपल वुड हॅव सफर्ड मोअर.' पंख आणि राजा यांच्यापेक्षा मुलं इथं जास्त बोलतात. एक काळजी मात्र घ्यावी. घरातलं दुःख लिहाच, असा आग्रह नको. ज्याला पंखच हवेत, त्याला पंख घेऊ द्यावेत.

पालकांना एक विनंती. मला इंग्रजी पाचवीपासून होतं. राज्यात २००० पासून ते पहिलीपासून आलं. म्हणून 'आम्हाला येत नाही, आम्ही काय शिकवणार' असं म्हणू नका. रात्री जेवताना मराठीतच विचारा, 'आज शाळा नसती तर काय केलं असतंस?' मूल नीट उत्तर देईल. त्याचं इंग्रजी करून घेणं आमचं काम.

तो मुलगा उन्हाळ्याआधी परत आला. मी त्याची वही पुन्हा मागून घेतली आणि त्याच्या वाक्याखाली लिहिलं, 'इफ माय फादर डिड नॉट गो टू कट केन, आय वुड स्टे इन स्कूल.' त्यानं वाचलं आणि विचारलं, 'सर, म्हणजे माझं बरोबर होतं का?' मी म्हणालो, 'म्हणणं बरोबर होतं. फक्त विल चुकलं होतं.' हेच मी पहिल्या दिवशी म्हणालो असतो तर?