पासवर्ड देणारा आणि पासवर्ड विकणारा



सदाशिव पेठेत मी अकरा वर्षे अभ्यासिका चालवतो. गेल्या वर्षी इथल्या एका मुलाने टेलिग्रामवरून एमपीएससीच्या ऑनलाइन कोर्सचे लॉगिन 700 रुपयांना घेतले. मूळ फी 18,000. तीन आठवडे लेक्चर्स चालली आणि पूर्वपरीक्षा पंधरा दिवसांवर असताना खाते गोठले. एकाच वेळी अनेक मोबाइलवर चालू दिसले म्हणून क्लासने ते बंद केले होते. विकणारा चॅनेलसकट गायब. प्रोफाइलमध्ये नांदेडच्या एका मुलीचा नंबर होता. मी तिला फोन केला. तिने पूर्ण फी भरली होती, पासवर्ड कुणालाही दिला नव्हता आणि आता तिलाच आत जाता येत नव्हते.

‘सबस्क्रिप्शन शेअर करणे बेकायदा आहे का?’ असे मुले विचारतात, तेव्हा मला ती आठवते. आई-बापाने पोराला आपला पासवर्ड देणे आणि कुणीतरी तिसऱ्याचाच पासवर्ड बाजारात विकणे, हे एकाच तराजूत घालता येणार नाही. पहिल्यात कंपनीच्या अटी मोडतात, कंपनी खाते बंद करू शकते. तो मुख्यतः कराराचा वाद आहे. दुसऱ्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66 क आहे. दुसऱ्याचा पासवर्ड कपटाने किंवा अप्रामाणिकपणे वापरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. स्वतःच्या कोर्सचे लॉगिन दहा जणांना विकणारेही आहेत. त्यांना मी घरच्यांत धरत नाही, तो सरळ धंदा आहे.

कंपन्यांनीही घोळ वाढवला आहे. ‘पासवर्ड वाटून घेणे म्हणजे प्रेम’ अशा अर्थाचे ट्वीट नेटफ्लिक्सने 2017 मध्ये केले होते. जुलै 2023 मध्ये त्याच कंपनीने भारतात सांगितले की, एक खाते एकाच घरासाठी. पण घर म्हणजे काय? जालन्याहून आलेल्या मुलाचे नाव शिधापत्रिकेवर तिकडेच असते, मतदानाला तो तिकडेच जातो, खोलीचे भाडे बापच भरतो. वायफाय वेगळे म्हणून तो त्या घरचा नाही, हे मला पटत नाही. अशा मुलाला चोर म्हणू नका.

विक्रेत्यांना मात्र मोकळे सोडू नका. ‘टेलिग्रामवाले सापडत नाहीत’ हे उत्तर आता चालणार नाही. क्लासचे साहित्य परवानगीशिवाय वाटणाऱ्या चॅनेलचालकांची माहिती देण्याचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने 2022 मध्येच टेलिग्रामला दिला होता. म्हणजे मागितले तर नाव-नंबर मिळू शकतो. मागायला तक्रार हवी, आणि तक्रार होत नाही, कारण स्वस्तात घेणारा स्वतःच घाबरलेला असतो. आमच्या अभ्यासिकेतला तो मुलगाही 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करायला तयार नव्हता. त्याची चूक होतीच, मी त्याला तोंडावर तसे सांगितले. तरीही अशा मुलाला आरोपी करण्याआधी पोलिसांनी त्याच्याकडून विक्रेत्याचा माग काढावा. आणि क्लासने खाते गोठवताना फी भरणाऱ्याला आधी एक फोन करावा, एवढे तरी 18,000 रुपयांत बसायला हवे.

नांदेडच्या त्या मुलीला लॉगिन परत मिळायला नऊ दिवस लागले. पूर्वपरीक्षेला तेव्हा सहा दिवस उरले होते.

– एक अभ्यासिकाचालक, सदाशिव पेठ, पुणे