पिनबॉलच्या पोटातील पुरावे (थ्रेड)

१/ बंद पडलेले पिनबॉल यंत्र विकत घ्यायचे, तळघरात किंवा गॅरेजमध्ये ठेवायचे आणि महिनोन्‌महिने खपून ते चालू करायचे, हा अमेरिकेतील चांगला रुळलेला छंद आहे. या छंदिष्टांमुळे कितीतरी यंत्रे भंगारातून वाचली. मात्र यंत्र अगदी 'नव्यासारखे' करण्याचा अनेकांचा अट्टहास इतिहासाच्या मुळावर येतो.

२/ काचेखाली उतरता लाकडी पट आणि त्यावरून घरंगळणारा पोलादी चेंडू, असे हे यंत्र. १९४७ साली शिकागोच्या गॉटलीब कंपनीने 'हम्प्टी डम्प्टी'मध्ये चेंडू परत वर टोलवणारे सहा फ्लिपर बसवले. त्यापूर्वी दांडा ओढून चेंडू सोडणे आणि यंत्राला हलके धक्के देणे, एवढेच खेळाडूच्या हाती होते. साहजिकच अनेक ठिकाणी त्याची गणना जुगारात झाली.

३/ न्यूयॉर्कचे महापौर फिओरेलो ला ग्वार्डिया यांनी १९४२ मध्ये बंदी घातली. घणाने यंत्रे फोडतानाची त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. फ्लिपर आले तरी बंदी उठली नाही. अखेर १९७६ मध्ये रॉजर शार्प यांनी, चेंडू कुठून जाईल हे आधी सांगून, नगर परिषदेच्या समितीसमोर तो तसाच मारून दाखवला. त्यानंतर बंदी गेली.

४/ या झगड्याची साक्ष यंत्रेच देतात. जिंकलेला फुकट डाव हेही काही ठिकाणी कायद्याने 'बक्षीस' ठरे. म्हणून गॉटलीबने १९६० मध्ये 'फ्लिपर' नावाचे यंत्र काढले, ज्यात डावाऐवजी जादा चेंडू मिळे. त्याहून बोलका पुरावा म्हणजे काही जुन्या यंत्रांच्या तळाशी असलेले बटण. दुकानदार फुकट डावांचे पैसे गुपचूप खेळाडूच्या हातावर ठेवी आणि ते बटण दाबून जमा डाव पुसून टाकी. यंत्रावर मात्र ठळक छापलेले असे: 'केवळ करमणुकीसाठी'!

५/ आता हेच यंत्र एखाद्या हौशी कारागिराच्या हाती पडते. तळाचे भोक लांबीने बुजते. आतल्या बाजूस कोणा दुरुस्ती करणाऱ्याने पेन्सिलीने लिहिलेल्या तारखा घासल्या जातात. फ्लिपरसमोर रंग झिजून उघडे पडलेले लाकूड म्हणजे हजारो डावांची नोंद. तेही नव्या रंगाखाली आणि चकचकीत वॉर्निशखाली गडप होते. बाजार अशाच यंत्राला चढा भाव देतो, तेव्हा दोष एकट्या कारागिराचा नाही.

६/ काहीच बदलू नये, असे कोणी म्हणणार नाही. जळालेली कॉइल आणि सैल पडलेली रबरी कडी बदलावीच लागतात. १९७७ नंतरच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांत बॅटरी गळली की सर्किट बोर्ड खाऊन टाकते. ती आधी काढायला हवी. मुक्या यंत्राची साक्षही अर्धीच असते. पण बदलण्यासाठीच बनवलेले सुटे भाग वेगळे आणि वापराच्या खुणा वेगळ्या. हा भेद वस्तुसंग्रहालये पाळतात. गॅरेजमध्येही तो अशक्य नाही.

७/ काम सुरू करण्यापूर्वी आतून-बाहेरून छायाचित्रे घ्यावीत. काढलेले भाग चिठ्ठी लावून पिशवीत ठेवावेत. पट बदललाच, तर जुना पट फेकू नये. यंत्र विकताना तो नव्या मालकाच्या स्वाधीन करावा. आणि तळाचे ते बटण, निकामी असले तरी, जागच्या जागी राहू द्यावे.