८,९१३ मतांचा साहेब

आजची पोस्ट जरा लांबच्या मुलखातली आहे, पण विषय आपल्या चौकातलाच. निवृत्तीला चार-सहा महिने उरले की साहेबांच्या वाढदिवसाचे फलक लागायला लागतात. मग टपरीवर चर्चा सुरू होते, साहेब कुठून उभे राहणार? आणि पाठोपाठ दुसरी, अधिकाऱ्याने राजकारणात यावं का?

या वादात मला दक्षिण कोरियाचे किम डोंग-यॉन आठवतात.

जन्म १९५७ चा. अकराव्या वर्षी वडील गेले. कुटुंब सोलमध्ये ओढ्याकाठच्या झोपडपट्टीत राहायला आलं. पुढे सरकारने ती वस्ती उठवली आणि माणसं शहराबाहेर, आजच्या सोंगनामच्या भागात नेऊन टाकली. तिथे या मुलाने तंबूतही दिवस काढले. कॉमर्सचं हायस्कूल केलं आणि सतराव्या वर्षी बँकेत चिकटला. दिवसा नोकरी, रात्री कॉलेज. १९८२ मध्ये सरकारी सेवेच्या दोन अवघड परीक्षा एकाच वर्षी पास. पुढे अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातून डॉक्टरेट आणि मायदेशी अर्थखात्यात बजेटचं काम. देशाचा पैसा कुठून येतो आणि कुठे मुरतो, हे या माणसाला तोंडपाठ.

झोपडीतून साहेब होण्याची गोष्ट आपल्याला आवडतेच. स्पर्धा परीक्षांच्या क्लासवाल्यांच्या फलकावरही ती शोभेल. पण मला रस आहे तो पुढच्या भागात.

२०१७ मध्ये अध्यक्ष मून जे-इन यांनी त्यांना उपपंतप्रधान आणि अर्थमंत्री केलं. मून यांचं निवडणुकीतलं वचन होतं, किमान वेतन २०२० पर्यंत तासाला १०,००० वॉन. त्यानुसार २०१८ साठी एकदम १६.४ टक्के वाढ झाली, दर ७,५३० वॉनवर गेला. कामगार खूश. छोटे हॉटेलवाले, किराणा दुकानदार मात्र हवालदिल, कारण पोऱ्याला पगार द्यायचा तर गल्ल्यात काय उरणार? अध्यक्षांच्या कार्यालयातले धोरणप्रमुख जांग हा-संग म्हणत होते, रोजगारावर काही परिणाम नाही. अर्थमंत्र्यांनी मात्र संसदेच्या समितीपुढे सांगून टाकलं की, आपल्याला परिणाम झालाय असं वाटतं.

स्वतःच्याच सरकारच्या लाडक्या योजनेबद्दल, खुर्चीत बसून, असं बोलायला छाती लागते. खटके उडत राहिले आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये दोघांनाही एकाच दिवशी बदलल्याची घोषणा झाली. त्या वादात कोण बरोबर, यावर कोरियात आजही दोन तट आहेत. माझा मुद्दा वेगळा आहे. आपल्याकडचे कितीतरी साहेब तीस वर्षं 'होय सर' म्हणतात आणि निवृत्तीनंतर वर्तमानपत्रात बाणेदार लेख लिहितात. त्या बाण्याचा जनतेला काय उपयोग?

पुढे किम राजकारणात उतरले, तेही सरळ अध्यक्षपदासाठी. २०२१ मध्ये स्वतःचा पक्ष काढला. दोन मोठ्या पक्षांची मक्तेदारी मोडायची, ही भाषा. पण निवडणूक आठवड्यावर आली तेव्हा माघार घेऊन ली जे-म्युंग यांना पाठिंबा दिला. ली हरले, आणि किम यांचा पक्ष ली यांच्या डेमोक्रॅटिक पक्षात विलीन झाला. तत्त्वं जाहीरनाम्यात राहिली, असं कुणी म्हटलं तर त्याला खोडून काढता येणार नाही.

मात्र २०२२ च्या जूनमध्ये ते ग्योंगी प्रांताच्या गव्हर्नरपदासाठी थेट लोकांपुढे उभे राहिले. सोलला वेढून असलेला हा प्रांत, सव्वा कोटीच्या वर वस्ती. याच प्रांतात ते सोंगनाम. रात्रभर मोजणी चालली. पहाटे किम पुढे गेले आणि जिंकले, फक्त ८,९१३ मतांनी. ज्याने देशाचं बजेट हाताळलं, त्याला एका प्रांताने जेमतेम आत घेतलं. आपल्याकडे एवढी मतं एखाद्या नगरपालिकेच्या दोन-तीन प्रभागांत निघतात!

डिसेंबर २०२४ मध्ये अध्यक्ष यून यांनी रात्रीतून लष्करी कायदा पुकारला. प्रांताचं कार्यालय बंद करायची सूचना वरून आली, किम यांनी ती धुडकावली. पण २०२५ च्या एप्रिलमध्ये पक्षाने अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवला, तेव्हा ली यांना जवळपास ९० टक्के आणि किम यांना ६.८७ टक्के मतं पडली. हिशेब पक्का असला म्हणून गर्दी मागे येत नाही, हाही धडा घ्यावा.

आपल्या मातीतही असा माणूस होऊन गेलाय. चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नंतर नेहरूंचे अर्थमंत्री. १९५२ मध्ये कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आले आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडून मोकळे झाले.

म्हणून पुढच्या वेळी एखादे साहेब हार घालून पक्षप्रवेश करताना दिसले, तर त्यांना दोनच प्रश्न विचारा. साहेब, खुर्चीत असताना वरच्याला कधी 'नाही' म्हणालात का? आणि आता मतं मागायला आमच्या दारात येणार, की मागच्या दाराने एखादं महामंडळ घेणार?

दोन्ही उत्तरं नीट मिळाली, तर खुशाल मत द्या. आठ-नऊ हजारांनी का होईना, निवडून येऊ द्या. नाहीतर फलक वाढदिवसाचा आहे असं समजून पुढे चालू लागा.