दुनळी, एक्सेल आणि कैनाडची वाडी

आमच्या टीममधला एक मित्र कुठलीही गोष्ट घेण्याआधी एक्सेल शीट बनवतो. मिक्सर असो की फ्लॅट. गेल्या शनिवारी आम्ही डहाणू लोकलने निघालो, त्याच्या मामांच्या चिकूच्या वाडीवर, कैनाडजवळ. विरार गेल्यावर त्याने शीट उघडली. नाव होतं, ‘पहिली शॉटगन, बजेटमध्ये’.

निमित्त २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकचं. स्कीटच्या मिश्र सामन्यात माहेश्वरी चौहान आणि अनंतजीतसिंग नरुका यांचं कांस्य एका गुणाने हुकलं, ४३-४४. तेव्हापासून साहेब तबकड्या फोडायच्या म्हणतायत. हरकत काहीच नाही, छंद उत्तम आहे. माझं भांडण त्या शीटशी आहे.

त्यात रकाने होते ब्रँड, नळीची लांबी, वजन, किंमत. वरच्या ओळीत बेरेटा आणि पेराझी. अरे बाबा, बंदुकीची आयात सामान्य परवानाधारकाला खुली नाही! ती सवलत नामवंत नेमबाजांना. तू नामवंत आहेस तो आमच्या कँटीनमध्ये. म्हणजे तुझ्या बजेटात उरली देशी बनावटीची बारा बोअरची दुनळी, नाहीतर डीलरकडची जुनी. तीही परवाना हातात आल्यावर.

आणि खरा खर्च बंदुकीचा नाहीच, काडतुसांचा आहे. ट्रॅपच्या एका फेरीत २५ तबकड्या, प्राथमिक फेरीत १२५. नवशिका सकाळभरात शंभर काडतुसं सहज उडवतो. परवान्यावर मात्र एका वेळी किती आणि वर्षाला किती घ्यायची हे लिहिलेलं असतं. क्लब नाही, नेमबाज म्हणून नोंद नाही, तर दुनळी कपाटात राहील, आणि डहाणूच्या खाऱ्या हवेत गंज धरेल.

शिवाय शॉटगनला मागची माशी नसते. तुमचा डोळाच मागची माशी. म्हणून दस्ता खांद्याला आणि गालाला बसला पाहिजे. तो चार इंच उंच मित्राला बसतो म्हणून तुम्हाला बसेल असं नाही. हे शीटमध्ये कसं लिहिणार? क्लबच्या दोन-तीन बंदुका उसन्या घेऊन मारून बघा, मग कळेल. लग्नासाठी मुलगी बघायला निघाल्यासारखं नुसता बायोडेटा वाचून काय होणार? (ही उपमा बायकोला वाचून दाखवलेली नाही.)

असो. इथपर्यंत ही नुसती पैशाची गोष्ट होती. वाडीवर पोचल्यावर कळलं की साहेबांना रेंज नकोच आहे. "इथेच तबकड्या फेकू ना, मागे कोणी नाही."

मागे कोणी नाही! शहरातून आलेल्या माणसाला डहाणू-तलासरीत कधीच कोणी दिसत नाही. दिसतात चिकूची झाडं, पुढे गवत. आम्ही चहा पीत होतो तेवढ्यात त्याच गवतातून तीन पोरं बकऱ्या घेऊन बाहेर आली, त्यांच्या मागे मोळी घेतलेली एक बाई. कुंपणापलीकडे पाऊलवाट आहे, पाड्यावर जाणारी. ती मामांच्या लहानपणापासून आहे.

मग मी तिथेच मोबाईलवर हिशोब केला. स्पर्धेच्या काडतुसात २४ ग्रॅम शिसं, म्हणजे जवळपास तीनशे छर्रे. ते दोनशे मीटरच्या पुढेही जाऊन पडू शकतात. शंभर काडतुसं म्हणजे २.४ किलो शिसं एका सकाळीत, त्या गवतात, जे बकऱ्या खातात. तबकडी नावाला मातीची, पण बनते डांबरासारख्या पदार्थाची आणि चुनखडीची. एकेक १०५ ग्रॅमची, म्हणजे शंभरांचे साडेदहा किलो तुकडे. तो कचरा कोण उचलणार, पाड्यावरची पोरं?

कायद्याचं म्हणाल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर निष्काळजीपणे गोळी झाडून कुणाचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण मला कायद्याआधी ती मोळीवाली बाई आठवते. तिने आमच्याकडे बघितलंही नाही.

परतीच्या लोकलमध्ये मित्र गप्प होता. रायफल क्लबची वर्गणी आणि ट्रॅपची सोय कुठे आहे ते सोमवारी विचारतो म्हणाला. आज शनिवार. अजून विचारलेलं नाही, शीटमध्ये मात्र एक नवा ब्रँड वाढलाय.