घर-अंगण : शेळीच्या गोठ्याचा वास



वसमत तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आले आहे. दोन उस्मानाबादी शेळ्या आणि तीन करडे, हाच त्यांच्या मजुरीच्या संसाराला आधार. दरवर्षी एक बोकड विकून मुलीच्या शाळेचा खर्च भागतो. पावसाळ्यात मात्र जनावरे ओसरीत बांधावी लागतात. वासावरून शेजारीण भांडते, धाकटा रात्रभर खोकतो आणि घरधनी म्हणतात, "विकून टाक त्या शेळ्या!" चुना टाकून झाला, राख टाकून झाली, फिनेल ओतून झाले. वास हटत नाही. काय करावे?

ताई, शेळ्या विकण्याची घाई करू नका. आधी वास कशाचा ते समजून घ्या.

कोरड्या लेंडीला फारसा वास नसतो. खरा वास मुताचा. मुतात युरिया असतो. लेंड्यांतले आणि मातीतले जंतू त्याचा अमोनिया वायू करतात. डोळ्यांना झोंबतो तो हाच. ओल आणि ऊब मिळाली की तो जास्त सुटतो. शेळी बसते तिथे गुडघे टेकून तिच्या नाकाच्या उंचीवर दोन श्वास घेऊन पाहा. डोळे चुरचुरले, तर जनावर रात्रभर तेच हुंगत असते हे लक्षात घ्या. पलीकडे झोपलेले लेकरूही तेच हुंगते.

म्हणून पहिले काम हे, की शेळ्या झोपायच्या जागेपासून दूर करा. अंगणात कुडाला लागून पत्र्याचे किंवा ताडपत्रीचे छप्पर घाला. एका मोठ्या शेळीला साधारण 10 ते 12 चौरस फूट जागा लागते. पाऊस लागतो म्हणून चारी बाजू प्लॅस्टिकने बंद करू नका. वाऱ्याची बाजू झाका आणि छपराखाली वीतभर फट मोकळी ठेवा. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त असेल, तर मुलाला सरकारी दवाखान्यात दाखवाच. सगळा दोष शेळीवर टाकून स्वस्थ बसू नका.

दुसरे काम म्हणजे जमीन कोरडी ठेवणे. मुरूम चोपून एका बाजूला उतार द्या आणि उताराच्या टोकाला मूत साठेल असे डबडे पुरा. वर सोयाबीनचे भुसकट, भुईमुगाची टरफले किंवा उसाचे वाळलेले पाचट पसरा. बुरशी आलेले भुसकट वापरू नका. शेळ्या ते खातात आणि आजारी पडतात. रोज सकाळी ओला भाग तेवढा उचला आणि आठवड्याला सगळे बदला. रोज पाणी ओतून धुऊ नका. त्याने ओल वाढते, वास वाढतो आणि खूर सडतात. जमेल तर बांबूच्या किंवा लाकडी पट्ट्यांचे दीड-दोन फूट उंच माचाण करा. पट्ट्यांत अर्ध्या इंचाची फट ठेवली, तर लेंड्या आणि मूत खाली पडते. करडांचा पाय अडकत नाही ना, तेवढे पाहा.

आता चुन्याचे आणि राखेचे. ओल्या मुतावर हे टाकले, की अमोनिया उलट जास्त उसळतो. म्हणून तुमचा वास गेला नाही. चुना वापरायचा तर विझवलेला, आणि तोही सगळे उचलून, जमीन धुऊन, वाळल्यावर. त्यानंतर एक दिवस जागा मोकळी ठेवा.

ब्लीचिंग पावडर मुतावर कधीही टाकू नका. दोन्हींच्या मिश्रणातून विषारी वायू निघतो. त्यात संडासाचे अॅसिड मिसळणे तर जिवावर बेतेल. डांबराच्या गोळ्या आणि फिनेलही जनावरांजवळ नको. कडुनिंबाच्या धुराने वास झाकला जातो, जात नाही. वर खोकला वाढतो.

काढलेले ओले भुसकट दारात साठवू नका. विहीर किंवा हातपंपापासून किमान 50 फूट लांब खड्डा घ्या. दर थरावर माती टाका. मिळाले तर सिंगल सुपर फॉस्फेटचा हलका थर द्या. तो अमोनिया धरून ठेवतो, त्यामुळे वासही कमी आणि खतही कसदार. मात्र हे खत शेळ्यांच्या तोंडाला लागू देऊ नका.

मोठ्या बोकडाचा उग्र दर्प मात्र साफसफाईने जात नाही. तो त्याच्या शिंगांजवळच्या ग्रंथींचा असतो. त्याला दुभत्या शेळीपासून दूर बांधा, नाहीतर दुधालाही वास लागतो. आणि एखाद्या शेळीला घाण वासाची पातळ हगवण लागली, तर झाडलोट करत बसू नका. जनावरांच्या डॉक्टरला बोलवा.

ताई, हे आठ-पंधरा दिवस नेटाने करा. मग शेजारणीला परसातल्या मेथी-वांग्यांसाठी पाटीभर खत नेऊन द्या. भांडण तिथेच मिटेल, आणि पुढच्या जूनमध्ये लेकीचे नाव शाळेच्या पटावर राहील.