सांताक्रूझचा पाऊस भाईंदरच्या कामाचा नाही

मा. संपादक यांस,



पावसाळ्यात वर्तमानपत्रात रोज एक चौकट असते : कुलाबा इतके मिलिमीटर, सांताक्रूझ इतके. आम्ही मीरा-भाईंदरकर ती वाचतो आणि सांताक्रूझच्या आकड्यावरून आपल्या दारातल्या पाण्याचा हिशेब लावतो. हा हिशेब मुळातच चुकतो. तो सुधारण्याचा एक स्वस्त मार्ग हॅम रेडिओवाल्यांकडे, म्हणजे परवानाधारक हौशी बिनतारी चालकांकडे आहे. आपल्या महापालिकेने तो वापरावा, हे सांगण्यासाठी हे पत्र.

२६ जुलै २००५ चे आकडे आठवून पाहा. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, विहार तलावाजवळ तो हजाराच्याही पुढे गेला आणि कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर पडला. कुलाबा आणि सांताक्रूझ या दोन वेधशाळांमध्ये सरळ रेषेत वीस-पंचवीस किलोमीटरांचे अंतर आहे. सांताक्रूझपासून भाईंदरही जवळपास तेवढेच लांब, फक्त उत्तरेला. ज्या अंतरात ९४४ चे ७३ झाले, त्याच अंतरावर आपण राहतो आणि तरी सांताक्रूझचा आकडा आपला मानतो!

आपले शहरही एकसारखे नाही. उत्तन-पाली-चौक समुद्रावर, काशिमीरा राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरपायथ्याशी, तर भाईंदर पश्चिम खाडी आणि मिठागरांच्या कडेला. डोंगराकडे कोसळलेली सर उत्तनला लागतही नाही. २०११ च्या जनगणनेतच आठ लाखांवर गेलेल्या या शहराला एका आकड्यात कसे मोजणार? राज्य सरकारच्या ‘महावेध’ योजनेत दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली, पण ती महसूल मंडळाला एक अशा हिशेबाने आणि मुख्यतः शेतकऱ्यासाठी. कोणत्या नाल्यावर पंप आधी पाठवायचा, हे ठरवायला त्याहून बारीक जाळे लागते.

हॅम रेडिओची ‘एपीआरएस’ ही पद्धत इथे कामी येते. अमेरिकेच्या नौदल अकादमीतले अभियंते बॉब ब्रुनिंगा यांनी ती ऐंशीच्या दशकापासून घडवत आणली. पर्जन्यमापक, वारा मोजणारे यंत्र, तापमापक आणि हवेचा दाब सांगणारे उपकरण एका छोट्या मॉडेमला जोडायचे आणि मॉडेम वॉकीटॉकीसारख्या रेडिओला. ठरावीक वेळाने रेडिओ सेकंदभर ‘खर्रर्र’ करतो. त्या एका खरखरीत गेल्या तासाचा पाऊस, चोवीस तासांचा पाऊस, वाऱ्याची दिशा आणि झोत, आर्द्रता, दाब असे सगळे गेलेले असते. वेग सेकंदाला १२०० बिट, म्हणजे आजच्या मोबाइलपुढे गोगलगाय. पण आकडेच तेवढे असतील तर तो पुरतो. उंचावरचे दुसरे केंद्र ही खरखर ऐकून पुढे पाठवते आणि नियंत्रण कक्षातल्या नकाशावर आकडे उमटतात. हवामान यंत्राच्या जागी जीपीएस जोडले, तर त्याच नकाशावर माणूस किंवा गाडी कुठे आहे ते दिसते. अधेमधे ना मोबाइल कंपनी लागते, ना इंटरनेट.

हे परक्यांचे खूळ नव्हे. १ एप्रिल २०१९ रोजी इस्रोने पीएसएलव्ही-सी४५ यान सोडले, तेव्हा त्याच्या कक्षेत राहिलेल्या चौथ्या टप्प्यावर ॲमसॅट इंडिया या हॅमवाल्यांच्या संस्थेचे एपीआरएस उपकरण बसवलेले होते. अंतराळात जे बसवता आले, ते मीरा रोडच्या गच्चीवर बसवायला काय हरकत आहे?

पहिली हरकत ठरलेली असते : प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असताना ही कटकट कशाला? याचे उत्तर मला २००५ च्या त्या रात्री मिळाले. मी अंधेरीत अडकलो होतो. घरी फोन लागत नव्हता, लोकल बंद होत्या आणि भाईंदरला पाणी किती चढले आहे, हे सांगू शकेल असा माणूस भेटत नव्हता. दुसऱ्या दिवशी रुळांवरून चालत घरी पोहोचलो. पुढे हॅमची परीक्षा दिली ती त्या रात्रीमुळे. वीज गेली की मोबाइल टॉवरची बॅटरी काही तास चालते आणि नेमके त्याच वेळी सगळे शहर एकदम फोन लावते. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत अंदमानात हेच झाले. तेव्हा योगायोगाने तिथे केंद्र थाटून बसलेल्या भारती प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅम रेडिओवरूनच मुख्य भूमीशी संपर्क राखला. त्सुनामी येईपर्यंत त्यांचे केंद्रही निव्वळ हौसच होती.

दुसरी हरकत खासगीपणाची, आणि ती रास्त आहे. हॅम रेडिओवर गुप्त सांकेतिक भाषा चालत नाही; पाठवलेले स्थान कोणीही पाहू शकतो. म्हणून सामान्य नागरिकांचा माग काढायला ही पद्धत वापरूच नये. बचाव पथकासोबत निघालेल्या परवानाधारक स्वयंसेवकाने, स्वतःच्या संमतीने आणि कामापुरते, आपले स्थान कळवावे, एवढीच तिची मर्यादा असावी.

तिसरी शंका उत्तनचे नाखवा विचारतील : आमच्या होड्यांना याचा उपयोग काय? खरे सांगायचे तर थेट उपयोग नाही. हॅम रेडिओवर धंद्याचे संभाषण करता येत नाही आणि मासेमारी हा धंदा आहे. होड्यांसाठी वेगळे ट्रान्सपाँडर आहेत. देशभरात एक लाख होड्यांवर ते बसवण्याच्या योजनेची सुरुवात ३० ऑगस्ट २०२४ रोजी शेजारच्या पालघरमध्येच झाली. पण उत्तनच्या किनाऱ्यावर वाऱ्याचा झोत या घडीला किती आहे, हा आकडा नाखवालाही हवाच असेल.

आता आमच्याच हॅमवाल्यांना दोन शब्द. गच्चीवरचा पर्जन्यमापक पाण्याच्या टाकीच्या आडोशाला किंवा एसीच्या तोंडाशी बसवाल, तर आकडे खोटे येतील आणि खोटा आकडा नसलेल्या आकड्याहून वाईट. अशी नोंद वेधशाळेची जागा घेऊ शकत नाही. ती तिला पूरक आहे. अमेरिकेत हॅमच्या अशाच हौसेतून नागरिकांच्या हवामान नोंदींचे जाळे उभे राहिले आणि त्या नोंदी तपासून सरकारी हवामान खात्यापर्यंत पोहोचतात. आपल्यालाही तपासणीची शिस्त लागेल.

महापालिकेकडे मागणे मोठे नाही. उत्तन, भाईंदर पश्चिम, मीरा रोड आणि काशिमीरा इथल्या पालिकेच्या एकेका इमारतीची गच्ची आणि बॅटरीचा आधार असलेली वीज द्यावी. उंचीला महत्त्व आहे, कारण या लहरी बहुतांशी नजरेच्या टप्प्यात चालतात. १७३७ ते ३९ च्या वसई मोहिमेत मराठे आणि पोर्तुगीज भाईंदरजवळच्या धारावी किल्ल्याच्या टेकडीसाठी झुंजले, कारण तिथून खाडीचे तोंड दिसते. त्या किल्ल्याला हात लावण्याची गरज नाही. आज शहरात उंच इमारती उभ्या आहेत. आपत्ती व्यवस्थापन कक्षात एक रेडिओ आणि एक पडदा ठेवावा. आपत्तीत प्रशासनाचे निरोप पोहोचवण्याची मुभा हॅमच्या नियमांतच आहे. फक्त ओळख आधीची हवी. पूर आल्यावर ‘तुम्ही कोण?’ असे विचारण्यात वेळ जाऊ नये.

शहरातल्या शाळा-महाविद्यालयांनाही विनंती : बारा वर्षे पूर्ण झालेले मूल हॅमची परीक्षा देऊ शकते. विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी तोच ज्वालामुखी मांडण्याऐवजी यंदा एक पर्जन्यमापक गच्चीवर बसवून पाहा आणि त्याचे आकडे रोज फळ्यावर लिहा.

आपला,
एक हॅम परवानाधारक वाचक,
भाईंदर (प.)